डोमाजीची थैली

नागपूरहून परत येऊन आता महिना होत आला. पुण्यातले शेजारी विचारतात, काय काय पाहिले? रामटेक केले का? तलावावर गेलात का? संत्री तरी आणली असतील. यातले मी काहीच केले नाही. नागपूर पाहायला जाणाऱ्याने जिथे जायचे, तिथे मी फिरकलो नाही. मी गेलो ती चारच ठिकाणे: धान्याचा बाजार, रेल्वेलाइनीपलीकडची एक वस्ती, लाइनीअलीकडचे एक रेशनचे दुकान आणि माझी जुनी कचेरी.

मी तिथे एका माणसाचे नाव परत करायला गेलो होतो. डोमाजी त्यांचे नाव. इतवारीच्या बाजारात ते धान्याची पोती वाहायचे. माझ्या एका वाक्याने ते आपल्याच वस्तीत बेइमान ठरले. तेव्हा मी नागपुरात पुरवठा खात्यात निरीक्षक होतो. पुढे बदल्या झाल्या, निवृत्त झालो, पुण्यात घर केले. मागच्या पावसाळ्यात डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि काही दिवस डोळ्यांवर पट्टी बांधून पडून राहावे लागले. दिसायला काही नव्हते. तेव्हा ते वाक्य मला माझ्याच आवाजात ऐकू येऊ लागले. पट्टी निघाल्यावर मी पहिले काम केले ते नागपूरच्या गाडीचे तिकीट काढण्याचे.

धरमपेठ

उतरलो ते भाऊसाहेबांकडे. आम्ही एकाच कचेरीत होतो. त्यांनी धरमपेठेत टुमदार घर बांधले आहे. फाटकावर बोगनवेल, आत झोपाळा. मी पोचलो तेव्हा घरातली साखर नेमकी संपली होती. वहिनींनी किराणा दुकानाला फोन केला, आणि चहाचे आधण उकळायच्या आत सायकलवरून साखर आली, सोबत न मागितलेला नव्या चहापत्तीचा नमुनाही. आमच्या पुण्यात अजून पिशवी घेऊन कोपऱ्यावर जावे लागते. इथे कोपऱ्यावरही जावे लागत नाही.

दुपारी गोळाभात होता. आम्ही भातावर तूप घेऊन थांबतो. इकडे डाळीचे गोळे भातात कुस्करून त्यावर कडकडीत फोडणीचे तेल ओततात, बरोबर कढी. दोनदा वाढून घेतले. मग झोपाळ्यावर बसून मी भाऊसाहेबांना येण्याचे कारण सांगितले. ते त्यांना अर्धेच माहीत होते.

त्या भागात रेशनचे नवे दुकान मंजूर झाले होते. शिधापत्रिका बहुतेक सगळ्या वस्तीतल्या. जागा दोन होत्या. एक वस्तीतल्या विहाराच्या बाजूची खोली. लोकांनी ती स्वतः सारवून, चुना देऊन ठेवली होती. दुसरी लाइनीच्या अलीकडे, नोकरदारांच्या नव्या कॉलनीत, एका व्यापाऱ्याची पक्की जागा. मी दुसरीची शिफारस केली. त्यासाठी मला कोणी काही दिले नव्हते. दिले असते तर सांगायला तरी एक कारण झाले असते. खरे कारण फार लहान होते. दर महिन्याला साठा तपासायला जाऊन बसावे लागे. कॉलनीत पंखा होता, खुर्ची होती, आणि ज्यांच्या घरचा चहा मी घेत असे अशी माणसे होती. वस्तीत मला त्यांच्या हातचे पाणी प्यावे लागले असते. हे मी तेव्हा स्वतःशीसुद्धा बोललो नाही. स्वतःला सांगितले, गोदाम पक्के हवे. अंतर पाहायला सायकलने गेलो, रिकाम्या हाताने. रेल्वेचे फाटक नेमके उघडे होते. वरिष्ठांना म्हणालो, दुकान वस्तीपासून हाकेच्या अंतरावर आहे.

डोमाजी वस्तीच्या वतीने कचेरीत खेपा घालायचे. दुकान उघडायच्या आदल्या दिवशीही ते आले. निर्णय झालेला होता, आणि तो त्यांना सांगायचे धैर्य माझ्यात नव्हते. त्या ओशाळेपणात मी त्यांच्यासाठी चहा मागवला. ते नको नको म्हणत होते. मी आग्रह केला. बाहेर वस्तीची माणसे उभी होती. त्यांनी खिडकीतून ते पाहिले.

दुसऱ्या दिवशी दुकानापुढे वस्ती जमली. दुकानदार घाबरला. सगळे मला घेरून विचारत होते, आमचे दुकान इकडे का आणले? मी म्हणालो, "मला काय विचारता? तुमच्या डोमाजींना विचारा. त्यांच्याशी बोलूनच ठरलंय."

सगळ्या माना डोमाजींकडे वळल्या. ते माझ्याकडे पाहत म्हणाले, "साहेब, असं काहून म्हणता जी?" मी सायकलवर बसलो.

भाऊसाहेबांनी झोपाळा थांबवला. "इतक्या वर्षांनी कशाला उकरून राहिला तू हे? कोणाला आठवते आता?"

वहिनी आतून म्हणाल्या, "ज्यांच्याबद्दल बोलले त्यांना आठवत असेल."

इतवारी

सकाळी इतवारीच्या तोंडाशी एका टपरीवर तर्री-पोहे खाल्ले. पोह्यांवर लाल तवंगाचा रस्सा ओततात, हे मी विसरलो नव्हतो. माझा घसा विसरला होता. ठसका लागला, बशी कलंडली, आणि पांढऱ्या शर्टावर तर्रीचा मोठा डाग पडला. टपरीवाल्याने पाण्याचा लोटा पुढे केला. "पुन्याचे का जी? साखर टाकून देऊ का वरून?" सगळे हसले. मीही हसलो. नागपुरात हसलो तो तेवढाच.

धान्याच्या गल्लीत तोच वास होता, ताग आणि तुरीच्या भुशाचा. हातठेले, टेंपो, पाठीवर पोते घेतलेली वाकलेली माणसे. शहराच्या पोटात जाणारा दाणा न् दाणा यांच्या पाठीवरून जातो. डोमाजींची चौकशी केली, तर लहानूजी नावाच्या मुकादमाकडे धाडले. ते त्याच वस्तीतले. पोत्यांच्या थप्पीवर बसून तंबाखू मळत होते.

"डोमाजी?" त्यांनी मान वर केली नाही. "कोनता? तो वस्ती विकनारा?"

मी शर्टावरचा तर्रीचा डाग पुसू लागलो.

"मेला तो. लय दिवस झाले. तुमी कोन त्याचे?"

"ओळखीचा," मी म्हणालो.

"मंग तुमाले मालूम नसन. साहेबाच्या हापिसात बसून कपभर चहा पेला अन दुकान लाइनीपार देऊन आला. म्या सोता पाह्यलं खिडकीतून. माही बायको पोटुशी होती तवा. तशी मालगाडीच्या डब्ब्याखालून थैली वढत ने-आन करे."

मग त्यांनी थैलीची गोष्ट सांगितली. ही रीत मला निरीक्षक असूनही ठाऊक नव्हती, कारण मी जायचो ते दुकान भरात असताना. धान्य यायचे त्या दिवशी वस्तीतले कोणी रांगेत उभे राहत नाही. मजुरी बुडवणे परवडत नाही. पहाटे घरातले कोणी जाऊन आपली थैली रांगेत ठेवते, वर एक दगड ठेवते आणि कामाला निघून जाते. थैली माणसाच्या जागी उभी असते. दुसऱ्याच्या थैलीला कोणी हात लावत नाही, घरात भांडण असले तरी नाही.

"डोमाजीची थैली आमी राहू देल्ली नाई," लहानूजी म्हणाले. "पहिल्यांदा मीच फेकली. मंग सगळेच काढून ठेवत. त्याची बायको अजून येते. सगळ्यायचं झाल्यावर. उरलं तं घेते, नाई तं चालली जाते."

मी बोलणारच होतो. श्वास घेतला होता. तेवढ्यात मागून हातठेला आला, ठेलेवाला "चलो चलो, बाजू" ओरडला. लहानूजी उठून पोती मोजून घ्यायला गेले आणि मी भिंतीला चिकटून उभा राहिलो. ठेला निघून गेला, तरी मी तसाच. मग परत फिरलो. डोमाजींना वाऱ्यावर सोडण्याची माझी ती दुसरी वेळ.

लाइनीपलीकडे

तिसऱ्या दिवशी सायकलरिक्षाने निघालो. फाटक बंद होते. मालगाडी उभी होती; तिचे इंजिन कुठे आहे ते दिसतही नव्हते. रिक्षावाला म्हणाला, "अब ये कब हिलेगी भगवान जाने. पैदल हो जाइए बाबूजी." बायका डोक्यावरचे गाठोडे आधी दोन डब्यांमधून पलीकडे सरकवीत, मग स्वतः वाकून जात. गाडी हलली तर काय, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. मला त्यांच्यासारखे वाकता येईना, म्हणून मी पुलावरून वळसा घातला. अर्ध्या वाटेत कठड्याशी बसावे लागले. माझ्या हातात एक छत्री होती, दुसरे ओझे नव्हते.

वस्तीत शिरताच एका घराच्या पुढच्या खोलीत छोटे दुकान दिसले. एक मुलगी वाटीत पळीभर तेल घेऊन गेली, एक बाई कागदाच्या पुडीत हळद. भाव विचारले. आमच्या पुण्याच्या वाण्यापेक्षा सगळेच महाग. महिन्याचे सामान एकदम भरणाऱ्याला स्वस्त पडते, आणि ज्याला रोजचे रोज घ्यावे लागते त्याला महाग, हे मी सबंध नोकरीत एकदाही पाहिले नव्हते. विहाराला निळी पताका होती. बाजूच्या खोलीला अजूनही पांढरा चुना होता. आत लहान मुले पाढे म्हणत होती.

डोमाजींची बायको गिरजाबाई अंगणात चुलीपुढे बसली होती. चुलीवर मातीचे मडके पालथे. कणीक इतकी सैल की तिला आपल्याकडे कोणी कणीक म्हणणार नाही. तिचा गोळा ती दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत लांबवत नेई आणि लुगड्याच्या पदरासारखा अलगद मडक्यावर सोडी. लंबी रोटी म्हणतात ती हीच. लग्नकार्यात तिला बोलावणे असते. त्यावर तिचे घर चालते.

"जयभीम जी. कोन पायजे?"

मी नाव सांगितले. मग कोण ते सांगितले. तिचे हात थांबले नाहीत. हातावर रोटी होती, ती मडक्यावर गेल्यावर तिने हात पुसले.

"बसा जी," ती म्हणाली. आतून पाण्याचा गडवा आणून पुढे ठेवला आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी पाणी प्यालो. सगळे.

मग मी बोललो. डोमाजींना काही माहीत नव्हते, मी खोटे बोललो. ती ऐकत होती.

"मले काय सांगता? मले मालूम होतं. त्याईनं त्याच दिवशी सांगतलं. अजून कोनाले सांगतलं नाई असं नाई. घरोघरी गेले. कोनी आयकलं नाई. मंग बोलनंच सोडलं. विहारात वंदनेले जायचे, पन मांगं, भिताडापाशी बसत. बाजूच्या खोलीले चुना त्याईनंच मारला होता."

"मी माफी..."

"थे मांगू नका. थे त्याईनं द्याची होती. मी कुठून देऊ?" तिने चुलीतले लाकूड मागे ओढले. "तुमी हाकेवर हाय म्हणलं म्हने दुकान. मंग हापिसात आयकलं त्याईनं. पुलावरून आले न तुमी? दमले?"

"दमलो."

"हं." तिने रिकामा गडवा उचलला. मग म्हणाली, "मले सांगून काई होत नाई साहेब. जथी बोलले होते, तथी बोला. उद्या गहू येऊन राहिला. सगळे राहतीन. लहानूलेबी बलावते."

निघताना तिने कागदात एक रोटी गुंडाळून दिली. पुलाच्या कठड्यावर बसून ती मी खाल्ली. गव्हाला वास होता. तोंडी लावायला काही लागले नाही.

दुकानासमोर

कॉलनीतली झाडे आता मोठी झाली आहेत. दुकान तिथेच, आता दुकानदाराचा मुलगा बसतो. समोरच्या भिंतीच्या कडेने थैल्यांची रांग लागली होती. तागाच्या, खताच्या पोत्याच्या, जुन्या लुगड्याच्या शिवलेल्या. प्रत्येकीवर दगड, विटेचा तुकडा, एकीवर फुटक्या पाट्याचा कोपरा. दुकान उघडायची वेळ झाली तशी माणसे आपापल्या थैलीपाशी येऊ लागली. गिरजाबाई लांब कडुनिंबाखाली रिकामी थैली काखेत धरून उभी होती. ती पुढे आली नाही.

लहानूजींनी मला ओळखले. "इतवारीत आलते ना तुमी? ओळखीचा मनत होते."

मी दुकानाच्या पायरीवर चढलो. म्हणालो, "हे दुकान आलं तेव्हा मी इथला निरीक्षक होतो. डोमाजींनी काही ठरवलं नव्हतं. त्यांना मी काही सांगितलंही नव्हतं. दुकान इकडे आणायचं मी ठरवलं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा नाव त्यांचं घेतलं. मी खोटं बोललो."

मागून एक म्हातारी म्हणाली, "जोरानं बोला जी. इथं काईच आयकू नाई आलं."

तेच मला पुन्हा, मोठ्याने बोलावे लागले. दुसऱ्यांदा ते जास्त जड गेले, कारण आता पुढच्यांचे चेहरे बदललेले दिसत होते.

"बप्पा," कोणी बाई हळूच म्हणाली. एक तरुण म्हणाला, "मंग दुकान न्या ना तिकडं वापस." त्याच्या शेजारचा म्हणाला, "आता त्याईच्या हातात काय हाय गा? रिटायर मानूस." दोघांचेही खरे होते.

लहानूजी जवळ आले. "अन तो चहा?"

"मी बळेच पाजला. ते नको म्हणत होते."

"म्या पाह्यलं होतं," ते म्हणाले.

"चहा घेताना पाहिलंत. नको म्हणताना खिडकीतून ऐकू आलं नसेल."

त्यांनी तोंडातली तंबाखू थुंकली, उपरण्याने तोंड पुसले. मग कडुनिंबाखाली गेले. गिरजाबाईपुढे हात केला. "आना वैनी. थैली आना."

तिने दिली. लहानूजी रांगेत आपल्या थैलीपाशी आले, तिच्यावरचा दगड उचलला आणि डोमाजींची थैली तिच्यापुढे ठेवून तो दगड त्या थैलीवर ठेवला. मला वाटले, झाले. मी आलो ते काम झाले.

गिरजाबाई हळूहळू चालत आली. तिने दगड उचलून लहानूजींच्या थैलीवर परत ठेवला. आपली थैली घेतली आणि रांगेच्या शेवटी, सगळ्यात मागे नेऊन ठेवली.

"वैनी, काहून?"

"आज मी उशिरा आली," ती म्हणाली. "माहा नंबर हाच हाय. कोनाचा घेऊन काय करू?"

तिच्या पुढे तीन-चार थैल्या असतानाच गहू संपला. मुलाने हात झटकून सांगितले, पुढच्या खेपेला. तिला साखर तेवढी मिळाली. कोणाकोणाला आपल्यातला गहू द्यायचा होता. तिने घेतला नाही. लहानूजी पाठमोरे उभे होते. फाटक बंद होते. बाकीच्या बायका डब्यांमधून गेल्या. ती मला म्हणाली, "तुमी पुलावरून जा जी. वाकता नाई येत तुमाले," आणि वाकून पलीकडे गेली.

शेवटची सकाळ

मधले दोन दिवस मी पुरवठा कचेरीत घालवले. तिथल्या तरुण साहेबांनी नीट ऐकून घेतले. विहाराच्या बाजूच्या खोलीबद्दल सांगितले, फाटकाबद्दल सांगितले. ते म्हणाले, पाहू, आणि शिपायाला चहा सांगितला. मी चहा घेतला नाही. दुकान अजून लाइनीच्या अलीकडेच आहे. ते हलेल असे इथे लिहिण्याइतका पुरावा माझ्याजवळ नाही.

परतीची गाडी दुपारची होती. गव्हाची राहिलेली खेप त्याच दिवशी येणार असे कळले, म्हणून सामान भाऊसाहेबांकडे ठेवून सकाळीच दुकानाकडे गेलो. दुकान बंद होते. कॉलनीत कोणी अंगणात सडा टाकत होते. भिंतीच्या कडेने थैल्या लागलेल्या होत्या. माणूस एकही नव्हता. सगळे कामावर गेलेले.

मी रांगेच्या शेवटाकडून पाहत पुढे आलो. डोमाजींची थैली मला आता ओळखू येत होती, तागाची, कोपऱ्याला निळे ठिगळ लावलेली. ती मागे नव्हती. पुढून चौथी-पाचवी होती. वर तिचा स्वतःचा दगड. पुढे एक थैली, मागे एक थैली, मध्ये सारखेच अंतर.

कडुनिंबाखाली पाहिले. गिरजाबाई नव्हती. कुठल्याशा लग्नाच्या घरी रोट्या करायला गेली असणार. थैली ठेवून ती निघून गेली होती.

दगड थोडा एका बाजूला कलला होता. तो सरळ करावा म्हणून मी वाकलो. मग हात मागे घेतला. तिथे दुसऱ्याच्या थैलीला कोणी हात लावत नाही.